पूर्वेकडच्या राजाची मराठी

ढोबळेकाका नाटकाला जाताना खिशात टॉर्च घेऊन जातात. अंधारात पायऱ्या दिसाव्यात म्हणून नव्हे. ते पहिल्या रांगेत बसतात, आणि स्टेजवर एखादा गोरा नट तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय, चिनी किंवा अरबी होऊन आला की टॉर्च पेटवून त्याच्या मानेवर झोत टाकतात. रंग कुठे संपतो आणि मूळ माणूस कुठे सुरू होतो ते बघायला. सापडलं की शेजारच्याच्या कानात, म्हणजे निम्म्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "फट दिसून राहिली!"

शेजारी बहुतेक वेळा मी असते.

फट हा त्यांच्या नोकरीतला शब्द. इथे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावाच्या आसपास, मोटारींच्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं एकच काम केलं. गाडीचं दार आणि गाडीचं अंग यांच्यात किती फट राहते ते मोजायचं. रिटायर झाले तरी नजर काही रिटायर झाली नाही. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा 'बसा' म्हणायच्या आत त्यांनी फ्रिजचं दार, खिडकीची चौकट आणि माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, भांग या तिन्हींत फटी शोधल्या होत्या. या माणसाचं आडनाव ढोबळे आहे यावर माझा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता.

मी अमेरिकेत आले ती श्रीकांतच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून. पुण्यात सहा वर्षं नोकरी केलेली मी, इथे मला कामाची परवानगी नव्हती. त्यामुळे माझ्याकडे भरपूर वेळ आहे हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ढोबळेकाका समोरच्याच टाउनहाउसमध्ये राहायचे, एकटे. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही महिने गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. मला नुकतंच लायसन्स मिळालेलं. काका दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"वृंदा, मंगळवारी काय करून राहिली?"

"काही नाही," मी म्हटलं. आयुष्यातली मोठी चूक.

आमच्याजवळ एक हौशी नाटकमंडळ होतं. जुन्या चर्चच्या हॉलमध्ये वर्षाला तीन नाटकं करायचं. त्यातलं एक हटकून क्लासिक म्युझिकल, म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं भरपूर गाण्यांचं, भरपूर नाचाचं, आणि पुष्कळदा पूर्वेकडच्या कुठल्यातरी देशात घडणारं, जो देश लिहिणाऱ्यानं बहुधा पाहिलेला नसायचा. त्या वर्षीच्या म्युझिकलची गोष्ट अशी: एक अमेरिकन तरुण बलूनमधून उडता उडता भरकटतो आणि नकाशात नसलेल्या एका पूर्वेकडच्या राज्यात उतरतो. तिथल्या राजकन्येचं त्याच्यावर प्रेम बसतं. राजा चिडतो, गातो, पुन्हा चिडतो आणि शेवटी मुलीला बलूनमध्ये बसवून देतो.

काकांना राजा करायचा होता.

अशा भूमिकांच्या ऑडिशनला ते बरीच वर्षं जात होते आणि दर वेळी नापास होऊन येत होते. पण राजाची तयारी त्यांनी काही वेगळीच केली. रोज सकाळी साडेसहाला त्यांचा राजा माझ्या किचनपर्यंत ऐकू यायचा. श्रीकांत म्हणायचा, "या राजाला कोणीतरी राज्य देऊन टाका यार, मला झोपू द्या."

ऑडिशनला मीच त्यांना घेऊन गेले. दिग्दर्शिका कॅरल ही सत्तरीची, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली, अतिशय गोड बाई. काकांचं भाषण संपल्यावर तिनं छातीवर हात ठेवला.

"लव्हली, व्हॅसू, लव्हली!" काकांचं नाव वासुदेव. "फक्त एकच आहे. तुझा अ‍ॅक्सेंट खरा वाटत नाही. राजा पूर्वेकडचा वाटला पाहिजे ना."

"मी पूर्वेकडचाच आहे," काका म्हणाले.

"ते मला माहीत आहे, डिअर. पण तसं ऐकू येत नाही."

परतताना काकांनी चार सिग्नल मोजले. पाचव्याला म्हणाले, "वृंदा, मी नागपूरचा नाही वाटत का?"

"शंभर टक्के नागपूरचे वाटता."

"तं मग पूर्वेकडचा काहून नाही वाटत?"

"नागपूर मध्यभागी आहे, काका," मी म्हटलं. आणि त्या वाक्याबद्दल पुढचे दोन आठवडे ऐकून घेतलं.

राजाची भूमिका डॉक्टर रॉनला मिळाली. रॉन गावातला दातांचा डॉक्टर. उंची सव्वासहा फूट, डोळे निळे, नाकावर गव्हाच्या कोंड्यासारखे ठिपके. त्याचा पूर्वेकडचा अ‍ॅक्सेंट म्हणजे वाक्यातले छोटे छोटे शब्द गाळायचे आणि शेवटी पोट दुखत असल्यासारखं 'आऽह' म्हणायचं. कॅरलच्या मते तो अगदी अस्सल होता.

आणि मग कॅरलचा काकांना फोन आला. तू कल्चरल कन्सल्टंट होशील का? रॉनला जरा शिकवशील का?

मी म्हटलं, "काका, नाही म्हणा. हा अपमान आहे. तुम्हाला भूमिका नाही, आणि ज्याला दिली त्याला तुम्ही शिकवायचं?"

"अवं, बाहेरून ओरडून दार नाही बसत. आत हात घालावा लागतो," म्हणून काकांनी ते काम घेतलं. शिवाय त्यांना गळ्यात अडकवायचा एक बिल्ला मिळाला. तो घालून ते किराणा आणायलाही जायचे.

आता दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना तालमीला सोडायचे, आणि घरी जाऊन परत येण्यात अर्थ नाही म्हणून तिथेच बसायचे. पहिल्याच दिवशी कपड्यांवरून वाजलं. राजाच्या मंत्र्यांच्या पायात टोकदार अरबी मोजड्या, डोक्यावर चिनी टोपी, हातात जपानी पंखा आणि कपाळावर आपलं कुंकू. वाकून नमस्कार करायची पद्धत आणखी कुठलीतरी.

"हा एक माणूस आहे का विमानतळाचा वेटिंग हॉल आहे?" काका गरजले. अर्थात इंग्रजीत.

"पण व्हॅसू, ते काल्पनिक राज्य आहे!" कॅरल म्हणाली.

"काल्पनिक आहे तर काल्पनिक कपडे घाला. आमचे का घालता?"

कॅरलनं एका मंत्र्याची टोपी काढून उलटसुलट करून पाहिली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस नुसताच कटकट्या नाही. पण पुढच्या पाऊण तासात त्यांनी मोजड्यांच्या टोकांची लांबी मोजपट्टीनं मोजायला घेतली, आणि माझं मत पुन्हा बदललं.

खरी गंमत भाषेची. संहितेत तीन ठिकाणी नुसतं लिहिलं होतं: राजा आपल्या भाषेत रागावतो. राजा आपल्या भाषेत प्रार्थना करतो. राजा आपल्या भाषेत मुलीला निरोप देतो. कुठली भाषा, काय शब्द, काही नाही. गेली पन्नास वर्षं नट तिथे तोंडाला येईल ते बडबडत आले होते. रॉननंही 'हुला बुला चिंग' असं काहीतरी म्हटलं. काका खुर्चीतून उठले.

"बंद करा! राजाला भाषा पाहिजे तर खरी भाषा घ्या. माझी घ्या."

अशा रीतीनं नकाशात नसलेल्या त्या राज्याची राजभाषा मराठी झाली. शिकवण्या आमच्या हॉलमध्ये, कारण काकांच्या घरी चहा नीट होत नाही. सव्वासहा फुटी रॉन आमच्या बुटक्या सोफ्यावर गुडघे हनुवटीला लावून बसायचा आणि 'नळ' म्हणायचा प्रयत्न करायचा. तीन आठवड्यांत त्याला 'ळ' आला नाही. चौथ्या आठवड्यात आला, तेव्हा काकांनी उठून त्याला मिठी मारली आणि माझा कप फुटला.

रागाच्या जागी काकांनी दिलेलं वाक्य होतं, "नळाला पाणी आलं का बघ! आधी बादली लाव!" रॉन ते असं गरजायचा की मंत्री खरोखर दचकायचे. कॅरलनं डोळे मिटून विचारलं, "फार भयंकर शाप आहे का हा?" काका गंभीरपणे म्हणाले, "आमच्या गल्लीत याहून भयंकर काही नव्हतं."

प्रार्थनेच्या जागी मी सुचवलं, एखादा श्लोक द्या. काका उसळले. "देव नाही द्यायचा यांना. बलूनच्या गाण्यात देव?" त्यांनी रॉनला तेराचा पाढा शिकवला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. रॉन हात जोडून, निळे डोळे वर लावून, कापऱ्या आवाजात तेरा सत्ते एक्याण्णवपर्यंत जायचा. पियानो वाजवणाऱ्या बाईंनी दोनदा डोळे पुसलेले मी पाहिले.

निरोपाचं वाक्य मात्र मला कळू दिलं नाही. ते शिकवायला रॉनच काकांना परस्पर आपल्या क्लिनिकमध्ये घेऊन जायचा. तालमीत ती जागा आली की रॉन नुसता थांबायचा. "पक्कं नाही झालं अजून," एवढंच काका म्हणायचे.

दरम्यान त्यांनी दुसरी आघाडी उघडली. कॅरल म्हणाली होती, "व्हॅसू, मी तुमच्या लोकांना घेतलं असतं, पण ते ऑडिशनला येतच नाहीत." काकांना हे लागलं. त्यांनी कागद छापले आणि सलग दोन शनिवार देशी दुकानात तांदळाच्या पोत्यांशेजारी उभे राहिले. कोणी म्हणालं, मुलीचा गणिताचा क्लास असतो. कोणी म्हणालं, स्पेलिंगची स्पर्धा आहे. एका बाईंनी विचारलं, त्यात डॉक्टरचा रोल आहे का? काका परत आले तेव्हा सगळे कागद हातातच होते.

"आपल्या लोकांमधातच फट आहे," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू येऊन राहिली ना?"

ते विचारणं नव्हतं. मी दरबारातली दासी क्रमांक चार झाले. काम पंखा हलवायचं. पूर्वेकडच्या त्या अख्ख्या दरबारात पूर्वेकडची मी एकटीच.

रंगीत तालमीच्या दिवशी मेकअपवाल्या बाई स्पंज घेऊन एकेकाला तपकिरी करत चालल्या होत्या. माझ्याजवळ आल्या आणि माझ्या हाताला रंग लावायला लागल्या. मी म्हटलं, "मी इंडियन आहे."

"हो हनी," त्या म्हणाल्या, "पण शेवटच्या रांगेतून तेवढं जाणवत नाही."

काका कुठून आले कोण जाणे. "ही ओरिजिनल आहे!" ते इंग्रजीत ओरडले. "ओरिजिनललाही रंग देता?" सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. मी म्हटलं, "काका, जाऊ द्या, धुतला की जाईल." कॅरलचे डोळे भरून आलेले, मेकअपवाल्या बाई स्पंज धरून तशाच उभ्या. आता हे मोजपट्टी काढणार, या भीतीनं मी काकांचा हात धरला.

पण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उद्या एखादी ब्राउन पोरगी बघायला येईल," ते म्हणाले. "तिला वाटेल, आपण आपल्यासारखं दिसायलाही कमीच पडतो."

 मग रॉननं टेबलावरचा कागदी रुमाल ओला केला आणि स्वतःचं तोंड पुसायला लागला. मागोमाग दोन मंत्र्यांनी पुसलं. उरलेल्या पाचांनी नाही पुसलं. एकानं तर 'हे आता फारच झालं' असं मला ऐकू येईल असं म्हटलं. जिंकलो म्हणावं असं काही झालं नाही. दरबार अर्धा तपकिरी आणि अर्धा गुलाबी, असाच प्रयोगाला उभा राहिला.

प्रयोग रविवारी दुपारी होता. हॉल बऱ्यापैकी भरला होता, श्रीकांत तेवढा ऑफिसच्या कामानं बाहेरगावी होता. नळाच्या पाण्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजींनी नातवाला जवळ ओढून घेतलं. पाढ्यावर लोक चिडीचूप झाले. मी गाल आतून चावून पंखा हलवत होते आणि हे पुण्यात कोणाला सांगितलं तर खरं वाटेल का, असा विचार करत होते.

शेवटचा प्रवेश आला. राजकन्या बलूनच्या टोपलीत बसली. रॉन पुढे आला, ठिपकेवाला, गुलाबी, स्वच्छ चेहऱ्याचा. त्यानं टोपलीच्या कडेला हात ठेवला आणि अगदी हळू, एकेक शब्द सांभाळत म्हणाला:

"पोरी, तुझं गाणं ऐकायचं राहून गेलं माझं. चूक माझीच आहे. एकदा म्हणून दाखव. मी मधात नाही बोलणार."

माझा पंखा थांबला. त्या हॉलमध्ये ते वाक्य कळणारी दोनच माणसं होती, एक स्टेजवर आणि एक विंगेत. मी विंगेत पाहिलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. पंखा थांबवल्याबद्दल कॅरल मला नंतर बोलली. मी ऐकून घेतलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काका, ते शेवटचं वाक्य कोणाचं?"

"राजाचं," ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली नाही. पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्या निघून गेल्या. मग ते समोर बघतच बोलायला लागले. त्यांना एक मुलगी आहे, मीनल, हे मला ऐकून माहीत होतं. ती इथल्या शाळेत होती तेव्हा शाळेनं हेच म्युझिकल केलं होतं. मीनलनं सगळा उन्हाळा राजकन्येची गाणी पाठ केली. ऑडिशन झाली. राजकन्या झाली एक सोनेरी केसांची मुलगी, काळा टोप घालून, तोंडाला रंग लावून. मीनलला पंखा दिला.

"घरी येऊन रडली. तेव्हा मी काय केलं असेल, सांग."

"शाळेत जाऊन भांडला असाल."

"नाही." त्यांनी गळ्यातला बिल्ला काढून हातात घेतला. "म्हटलं, बरं झालं. गणिताकडे लक्ष दे. ती स्वयंपाकघरात आईला ते गाणं म्हणून दाखवत होती. म्हटलं, पुरे आता ते. बंद कर." बिल्ल्याची दोरी त्यांनी बोटाला गुंडाळली. "पोरगी शहाणी. बंद केलं तं बंदच केलं. पुन्हा घरात सूर नाही काढला."

मीनल आता दूर, ओरेगनला असते. काकू होत्या तोवर तिचा दर रविवारी फोन यायचा, आणि तो काकूंसाठी असायचा. आता दिवाळीला ई-मेल येते.

मला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "रॉनचं 'ऐकायचं' बरोबर आलं ना? तिथेच अडकत होता तो."

"अगदी बरोबर आलं, काका."

आठवड्याभरानं ते प्रयोगाची व्हिडिओ टेप आणि एक जाड पाकीट घेऊन माझ्याकडे आले. मीनलचा पत्ता तू लिही म्हणाले. मी विचारलं, का? तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

"माझं अक्षर पाहून ती उघडणार नाही."

"काका, काहीतरीच काय!"

"तू लिही ना," ते ओरडले. "किती प्रश्न विचारते ही पोरगी!" मग पाठवणाऱ्याच्या जागीही माझंच नाव, माझाच पत्ता आणि माझाच फोन नंबर घालायला लावला. पोस्टात मीच घेऊन गेले. लाइनमध्येसुद्धा ते माझ्या मागे उभे राहून पाकिटाच्या कडा नीट चिकटल्यात का ते दाबून बघत होते.

दोन आठवडे काही झालं नाही. काका एकदाही त्याबद्दल बोलले नाहीत. फक्त रोज येऊन आमच्या फोनची घंटा नीट वाजते का, हे विचारून जायचे.

तिसऱ्या रविवारी दुपारी मी भांडी घासत होते, तेव्हा फोन वाजला. बाईचा आवाज, इंग्रजी अगदी इथलं. आपण वृंदा का, असं विचारून म्हणाली, "तुमची टेप मिळाली. एक विचारायचं होतं. तो राजा शेवटी काय म्हणतो? माझं मराठी आता फार राहिलेलं नाही. मी बऱ्याचदा मागे नेऊन ऐकलं. मला वाटतं मला कळलंय, पण मला खात्री करायची आहे."

मी तिला इंग्रजीत सांगितलं. नीट जमलं नाही. 'राहून गेलं' याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला आजही ठाऊक नाही. तेव्हा मी ते वाक्य मराठीत पुन्हा म्हटलं, सावकाश.

तिनं शेवटचे शब्द माझ्यामागून म्हणून पाहिले.

"हे बाबांनी लिहिलंय?"

"हो."

"आत्ता ते घरी आहेत का?"

"आहेत. या वेळेला घरीच असतात."

"ओके," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या सिंकसमोरच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं काकांचं किचन दिसतं. दुसऱ्याच्या घरात बघू नये हे मला कळतं. मी बघत राहिले. काका भाजी चिरत होते. त्यांनी मान वर केली, सुरी खाली ठेवली, हात सदऱ्याला पुसले आणि फोन उचलला. एकदाच ओठ हलले. मग ते गप्प झाले, तसेच उभे, फोन दोन्ही हातांनी कानाला दाबून. मी या माणसाला इतका वेळ न बोलता कधीच पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी एक हात सोडला, ओट्यावर टेकवला, आणि त्या हाताची बोटं हळूहळू ताल धरायला लागली.

मी नळ बंद केला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.